कॅमेऱ्याने घेतलेले शाफ्टच्या रफनेसचे माप कसे स्थिरावले

टर्निंग केलेल्या (लेथवर फिरवून कापलेल्या) पोलादी शाफ्टचा पृष्ठभाग कॅमेऱ्याने तपासताना एकाच शाफ्टचे आरए मूल्य (सरासरी रफनेस, म्हणजे खडबडीतपणा) दर वेळी वेगळे येत होते आणि स्टायलसच्या (पृष्ठभागावरून ओढल्या जाणाऱ्या बारीक सुईच्या) मोजमापाशी त्याचा मेळ बसत नव्हता. प्रतिमा न्याहाळल्यावर कारण दिसले: वरून पडणारा प्रकाश चकचकीत धातूवरून सरळ भिंगात परतत होता, तिथले पिक्सेल पूर्ण पांढरे पडत होते आणि टूलच्या खुणा त्यात हरवत होत्या.

म्हणून एलईडी दिवा पृष्ठभागाशी लहान कोन करून, शाफ्टच्या अक्षाच्या दिशेने लावला. टूलच्या खुणा अक्षाला जवळजवळ काटकोनात असल्यामुळे प्रत्येक सरीची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत राहते. एकही पिक्सेल पांढरा पडू नये इतके एक्स्पोजर कमी केले. शाफ्ट गोल असल्याने मधली अरुंद पट्टीच हिशेबात घेतली. कूलंटचा (कापताना सोडलेल्या थंड करणाऱ्या द्रवाचा) थर सरी भरून टाकतो, त्यामुळे आधी अल्कोहोलने पुसणे कंटाळवाणे असले तरी टाळण्याजोगे नाही.

पडताळणीसाठी फीडचा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात टूल जेवढे पुढे सरकते त्या अंतराचा, फार उपयोग झाला. फीड ०.२ मिमी आणि टूलच्या टोकाची त्रिज्या ०.८ मिमी असता, फीडच्या वर्गाला त्रिज्येच्या ३२ पटीने भागून आदर्श आरए सुमारे १.६ मायक्रॉन येते, आणि प्रतिमेत सरींमधले अंतरही ०.२ मिमीच दिसायला हवे. आता ते तसे दिसते. मात्र प्रतिमेतील करडी छटा म्हणजे उंची नव्हे. त्याच पट्टीवर ०.८ मिमी कट-ऑफने (त्याहून लांब चढउतार वगळणाऱ्या मर्यादेने) घेतलेल्या स्टायलसच्या मूल्यांशी तिचा संबंध बसवावा लागतो, आणि धातू किंवा मशीनिंगची पद्धत बदलली की तो नव्याने बसवावा लागतो.