चतुर प्रवासाला निघालेत की नुसते जेवतायत? सड्यावर उभं राहून कसं ओळखावं

चवथ सरून पाऊस ओसरला की गोव्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, पिवळसर चतुरांचे थवे दिसू लागतात. पँटाला फ्लेव्हेसेन्स ही त्यांतली ओळखीची जात. तिची पिल्लं पावसाच्या डबक्यांत साधारण दीड महिन्यात वाढतात आणि डबकं आटायच्या आत उडून जातात. ऑक्टोबरपासून हेच चतुर मालदीवमध्ये लाखोंनी उतरतात. भारतातून निघून, ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन ते पूर्व आफ्रिका गाठतात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडलं.

म्हणून तुमच्या डोक्यावरचा थवा आफ्रिकेलाच चाललाय असं समजू नका. बहुतेकदा तो डास-चिलटं खात असतो.

सकाळीच जा. तेव्हा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की चित्र पालटतं. आधी वारा बघा: चिमूटभर सुकं गवत उडवा, मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा घ्या. वारा कुठून येतो ते लिहायचं, चतुर कुठे जातात ते लिहायचं. इथे गल्लत झाली तर सगळी नोंद उलटी होते.

मग दोन माडांमध्ये मनातल्या मनात एक रेघ ओढा आणि पाच मिनिटं ती ओलांडणारे चतुर मोजा. जाणारे वेगळे, परतणारे वेगळे. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर ते जेवण. जवळजवळ सगळे एकाच बाजूला गेले, तर पुढे बघण्यात अर्थ आहे.

आता खरी गंमत उंचीची. जमिनीलगत झाडाझुडपांमुळे वारा मंदावतो. तिथे कीटकाचा स्वतःचा वेग वाऱ्याला भारी पडतो, म्हणून तो हव्या त्या दिशेला, वाऱ्याच्या विरुद्धसुद्धा उडू शकतो. ब्लू टायगर फुलपाखरं अशी खालून जाताना दिसतात. वर मात्र वारा वरचढ. वाऱ्याला आडवं उडणाऱ्याचं डोकं एकीकडे असतं आणि तो सरकतो दुसरीकडे. हा तिरकेपणा दिसला तर जरूर टिपा. वरचे चतुर दुर्बिणीतून पांढऱ्या ढगावर चटकन दिसतात. दुर्बीण सूर्याकडे कधीच नको.

एकही चतुर गेला नाही, त्या सकाळचाही वारा लिहून ठेवा. कुठल्या वाऱ्याला ते निघतात हे अशा रिकाम्या सकाळींशी ताडल्याशिवाय कळत नाही.