अँबेसिडर मार्क टू: नवीन रिंगा टाकूनही निळा धूर

पिस्टनभोवतीच्या रिंगा नव्या, तरी सायलेन्सरमधून निळा धूर (म्हणजे तेल जळतंय) आणि प्लग तेलाने ओले. घट्ट ऑइल घातलं, वाल्व सील बदलले, शेवटी रिंगांचा दुसरा सेटही टाकून झाला. तीन महिने आणि बराच पैसा गेला.

घोळ रिंगांचं माप ओळखण्यात होता. हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) 'बी सिरीज' इंजिन. या घराण्यातल्या १२००, १४८९, १६२२ आणि १७९८ सीसी इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) एकच, ८८.९ मिमी. फरक बोअरचा, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या व्यासाचा. शिवाय जुना ब्लॉक किती वेळा बोअर झालाय (सिलेंडर आतून कोरून मोठं केलंय), हे इंजिन नंबरावरून कळत नाही.

पाणी काढलं, रॉकर शाफ्ट आणि हेड उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रॉकेल लावून लाकडी पट्टीने खरवडला, तर खाली '०४०' कोरलेलं! म्हणजे चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मोजलं. १४८९ सीसीच्या मूळ ७३.०२५ ऐवजी साधारण ७४.०४ मिमी.

मग संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवला, पिस्टन वरून काढले. आधी टाकलेली मूळ मापाची रिंग नुसती सिलेंडरमध्ये ठेवून उलट्या पिस्टनने सरळ ढकलली: रिंगेच्या दोन टोकांमध्ये साडेतीन मिमी फट! हवी जेमतेम ०.२ ते ०.३३. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायचीही गरज नव्हती, डोळ्यांनीच दिसत होती.

०४० च्या रिंगा आणल्या, सिलेंडर हलकं होन केलं (आतून घासलं), प्रत्येक रिंगेची फट तिच्याच सिलेंडरमध्ये तपासून मगच बसवली. पाचशे किलोमीटर झाले, प्लग कोरडे आहेत.