जुनी सायकल अंगाला बसवायची तर आधी सीटपोस्ट सोडवा

सायकलच्या सीटची उंची कशी ठरवावी यावर सल्ले देणारे सगळे जण एक गोष्ट धरूनच चालतात: सीट वरखाली होते. कोरड्या गावात होत असेल. गोव्यात मिरामार, मोरजी, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घराच्या बाल्कांवात (ओसरीत) चार पावसाळे उभी असलेली सायकल कुणी स्वस्तात देतो, आपण आनंदाने घरी आणतो, क्लॅम्पचा (सीटखालचा पाइप आवळणाऱ्या पट्ट्याचा) बोल्ट सैल करतो आणि सीट ढिम्म हलत नाही. मग माणूस आधीच्या मालकाच्या उंचीवरच सायकल चालवू लागतो. पंधरा दिवसांत गुडघे कुरकुरतात आणि सायकल पुन्हा विकायला निघते. हा लेख त्या न हलणाऱ्या पाइपाबद्दल, म्हणजे सीट ज्यावर बसते आणि जो फ्रेमच्या नळीत जातो त्या सीटपोस्टबद्दल आहे. बाकीचं जाता जाता सांगतो.

सोडवण्याच्या खटपटीआधी फ्रेम तुमच्या मापाची आहे का ते पाहून घ्या. फ्रेमची आडवी नळी दोन पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहा. नळी आणि जांघ यांत दोन-तीन बोटांचं अंतर नसेल तर ती फ्रेम तुमची नाही, फुकट मिळाली तरी नाही. हँडल लांब वाटत असेल तर स्टेम (हँडल धरणारा जोडतुकडा) आखूड करता येतो, सीट खाली-वर करता येते, पण फ्रेम लहान करता येत नाही. "चालवता चालवता सवय होईल" असं म्हणणाऱ्याला तीच सायकल घेऊन पर्वरीचा चढ चढायला सांगा.

आता चुंबक आणा. फ्रेमला चिकटला तर फ्रेम पोलादाची. सीटपोस्टला चिकटला नाही तर तो बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. जुन्या गिअरवाल्या सायकलींत ही जोडी नेहमी दिसते, आणि सगळ्यांत घट्ट अडकते तीही हीच. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, एवढं मिळालं की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं. त्यातून जी पांढरी भुकटी तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. सीटपोस्ट आणि तो ज्यात बसतो ती फ्रेमची नळी, म्हणजे सीट ट्यूब, यांच्यात केसाएवढी फट असते, ती या भुकटीने ठासून भरते. म्हणजे पोस्ट नुसता गंजलेला नसतो, चारी बाजूंनी पाचर मारून बसवलेला असतो. हे एकदा डोक्यात शिरलं की निम्मे सल्ले आपोआप बाद होतात.

ओल आत येते ती बहुतेक मागून. सीट ट्यूबच्या वरच्या टोकाला जी चीर असते ती बऱ्याच फ्रेमवर मागच्या बाजूला असते, आणि मागचं चाक पावसात सगळं पाणी, तांबड्या मातीसकट, नेमकं तिथेच उडवतं. मडगार्ड काढून "स्पोर्टी" केलेल्या सायकलींचे पोस्ट सर्वांत आधी अडकतात. फॅशनची किंमत.

वाईट सल्ले आधी निकालात काढतो, कारण हेच लोक आधी करून बसतात.

खालून-वरून हातोडी मारणं. पोस्टला वरून ठोकलं की तो पाचरीसारखा आणखी आत जातो आणि त्याचं तोंड पसरतं.

सीट धरून गदागदा हलवणं. यात सीटची रेल (खालची सळई) वाकते, पोस्ट तसाच.

पाइप पान्याने नळी धरून पिळणं. फ्रेमची नळी पातळ असते, चेपते. चेपलेली नळी पुन्हा गोल होत नाही.

उकळतं पाणी ओतणं. हा सल्ला हुशार वाटतो म्हणून जास्त घातक. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पोलादी नळीतला अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट तापवला तर तो आणखी आवळून बसणार. आपल्याला उलटं हवं, गारवा. गरम पाण्याचा उपयोग होतो तो जोडी उलटी असेल तर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी पोस्ट असेल तर. कार्बनची फ्रेम किंवा पोस्ट असेल तर तापवणं, पिळणं काहीच करू नका. ते काम जाणकाराकडे द्या.

आणि शेवटचा: डब्ल्यूडी-४० (डब्यातलं फवाऱ्याचं तेल) फवारून पाच मिनिटांनी ओढून पाहणं. पाच मिनिटांत तेल फटीत शिरत नाही, फक्त रंगावर चमक येते.

माझी पद्धत अशी. घाई असलेल्यांनी सायकल तशीच विकावी.

पहिल्या दिवशी क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा, नुसता सैल नको. क्लॅम्प वेगळा निघत असेल तर तोही काढा. चिरेत साचलेली माती टाचणीने खरवडा. सीट काढा. मग चाकं काढून फ्रेम उलटी टांगा आणि सीट ट्यूबवर बाटलीच्या पिंजऱ्याचे जे दोन स्क्रू असतात ते काढा. ती भोकं थेट नळीच्या आत उघडतात. तिथून पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) सोडलं की ते उताराने पोस्टच्या खालच्या कडेपाशी जातं, जिथे वरून फवारलेलं तेल कधीच पोचत नाही. भोकं नसतील तर बॉटम ब्रॅकेट (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात तो आस) काढून तिथून सोडा. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी फ्रेम सरळ करून वरच्या कडेला तेल सोडा. परत उलटी. असं तीन-चार दिवस आलटून पालटून, आणि दर वेळी पोस्टच्या डोक्यावर रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके टकटक करा. ही ठोकाठोकी पोस्ट सरकवायला नाही. थरथरीने पांढऱ्या भुकटीला भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. ब्रेकचे रबर आणि रिम फडक्याने झाका. तेल लागलेले ब्रेक ही वेगळीच आफत.

आता बर्फ. सकाळी मासळी बाजारात फोडलेला बर्फ सहज मिळतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पोस्टच्या बाहेर असलेल्या भागाला गुंडाळा. पिशवी हवीच, कारण मासळीच्या बर्फाचं खारट पाणी आत गेलं तर ज्या रोगावर उपाय करतोय तोच पुन्हा लावून घ्याल. अर्धा तास ठेवा. पोस्ट आक्रसतो तो फार थोडा, पण भुकटीचा थर तडकायला तेवढं पुरतं.

लगेच पिळायला घ्या. ओढायचं नाही, पिळायचं. इथे व्हाइस (वस्तू जबड्यात आवळून धरणारा शिकंजा) लागते, टेबलाला बोल्टने पक्की केलेली. घरी नसणार, जवळच्या ग्रिलवाल्याकडे किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये असते, आणि ते लोक असल्या कामात रस घेतात. फक्त त्यांच्या हातात काम सोपवून चहाला जाऊ नका. त्यांना गेट वाकवायची सवय असते. फ्रेम उलटी करून पोस्टचं डोकं, जिथे सीट बसते तो चपटा भाग, व्हाइसच्या जबड्यात आवळा. आता फ्रेमच तुमचा लांब दांडा. एक हात पुढच्या हेड ट्यूबवर (हँडलखालच्या नळीवर), दुसरा मागच्या त्रिकोणावर, आणि दोन्ही हातांनी सारखाच, हळूहळू वाढत जाणारा जोर. झटका नाही. झटक्याने फ्रेम पिळवटते, सावकाश दाबाने जोड सुटतो. फ्रेम स्प्रिंगसारखी मुरडते आणि सोडल्यावर परत येते असं वाटलं तर थांबा, परत तेल, परत बर्फ, उद्या या.

सुटताना "टक्" असा जोरात आवाज येतो. फ्रेम तुटली असं वाटून पोटात गोळा येतो. तो चांगला आवाज आहे. त्यानंतर लोक उत्साहाने पोस्ट उपसायला धावतात. नको. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मध्ये तेल, असं करत पिळत पिळत वर घ्या. भुकटी आत असते, सरळ ओढलं तर अर्ध्यावर पुन्हा आवळतो, आणि या वेळी पोस्ट डोक्यापाशी मोडू शकतो.

आठवडाभर हे करूनही हललाच नाही तर पोस्टचा बळी द्या, फ्रेमचा नाही. फ्रेमच्या वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून पोस्ट कापा. जुना स्पोक टोकाशी वाकवून आत घाला आणि पोस्टची खालची कड हुकात अडकवून आत किती लांबी आहे ते मोजा. मग हॅक्सॉचं सुटं ब्लेड, एका टोकाला फडकं गुंडाळून, पोस्टच्या पोकळीत घालून उभी चीर कापत न्या. हे काम कंटाळवाणं आहे. हात भरून येतात, बोटं सोलतात. अ‍ॅल्युमिनियमचा कीस चकचकीत पांढरा आणि मऊ पडतो. ब्लेडखाली आवाज कर्कश झाला की पोलाद लागलं, तिथे थांबा. अर्थात फ्रेमही अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ही खूण मिळत नाही, म्हणून तिथे हा उपाय फारच जपून. चीर पूर्ण झाली की पक्कडीने पोस्टची कड आत मुडपा, तो स्वतःभोवती गुंडाळत सुटतो.

कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवता येतो, हे खरं आहे. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि पोलादाला फारसा हात लावत नाही. पण त्यातून हायड्रोजन निघतो, मिश्रण सणसणीत तापतं, रंग जातो, आणि एक शिंतोडा डोळ्यात गेला तर सायकल चालवायला डोळा उरत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये तर तो पोस्टबरोबर फ्रेमही खातो. मी हा रस्ता कुणालाच सुचवत नाही.

निघाल्यावरचं काम सोपं. नळी आतून काठीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासा, कोरडी करा. नवा पोस्ट घ्यायचा झाल्यास जुन्यावर कोरलेला व्यास वाचा; २७.२ मिलिमीटर खूप ठिकाणी असतो, पण "साधारण तेवढाच" असं म्हणून घेऊ नका, ०.२ मिलिमीटरचा फरकही पुरे असतो. नळीच्या आत आणि पोस्टवर ग्रीस सढळ हाताने लावा. बोटींसाठीचं मरीन ग्रीस मिळालं तर उत्तम, किनाऱ्याच्या राज्यात ते मिळायला हरकत नसावी. कार्बनला मात्र ग्रीस नाही, त्याची वेगळी पेस्ट येते.

आता उंची. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एक जाड पुस्तक जांघेत वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत सीट ट्यूबच्या रेषेत हे अंतर ठेवा. हा आकडा फक्त सुरुवात आहे. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, आणि चवडा ठेवला तर गुडघ्यात थोडा बाक उरावा. पॅडल मारताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट उंच आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा खाली आहे. तपासायला सपाट रस्ता हवा: पणजीहून रायबंदरला जाणारा पोंते दि लिन्यारेसचा बांध, १६३३-३४ मध्ये बांधलेला, भल्या सकाळी रिकामा असतो आणि चढउताराची फसवणूक करत नाही. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला.

पोस्टवर "मिनिमम इन्सर्शन"ची, म्हणजे पोस्ट किमान कुठवर आत हवा ते दाखवणारी, रेघ असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसली तर उंची कितीही बरोबर असो, सायकल चालवू नका. रेघच नसेल तर पोस्ट किमान व्यासाच्या अडीचपट आत आणि आडव्या नळीच्या जोडाच्या खालपर्यंत गेलेला हवा.

चाकं निघालेलीच आहेत तर टायरही पाहून घ्या. मधोमध सपाट पट्टा पडला असेल, किंवा कुठे आतले धागे दिसत असतील तर टायर संपला. बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडल्या असतील तर वरची नक्षी कितीही नवी दिसो, उन्हाने तो खलास केलेला आहे. जुन्या उभ्या सायकलींत हेच जास्त. मागचा टायर आधी झिजतो. नवा एकच घ्यायचा असेल तर तो पुढे लावा आणि पुढचा मागे टाका, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर तोंडावर. दुकानात "सव्वीसचा द्या" म्हणू नका. सव्वीस नावाचे टायर ५५९ मिलिमीटर व्यासाचेही असतात आणि ५९० चेही, अठ्ठावीस ६२२ आणि ६३५ दोन्ही. टायरच्या बाजूला ३७-६२२ असा (रुंदी-व्यास) जो आकडा असतो तो लिहून न्या.

पोस्ट वर्षातून दोनदा बाहेर काढा: मे संपायच्या आत एकदा, आणि चवथ होऊन पाऊस ओसरला की एकदा. पुसून, ग्रीस लावून परत. दहा मिनिटांचं काम. पावसात भिजून आलात तर सायकल थोडा वेळ उलटी ठेवा, नळीत गेलेलं पाणी निथळतं.

ठरलेल्या उंचीवर पोस्टभोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि क्लॅम्प आवळा. बहुतेक क्लॅम्पना ५ ते ६ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतं. आठवड्याने पाहा. पट्टी नळीत घुसलेली दिसली, म्हणजे पोस्ट खाली सरकला, तर बोल्ट आणखी पिळू नका, व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) पोस्टचा व्यास मोजा. बहुतेक वेळा दुकानदाराने बारीक पोस्ट दिलेला असतो.