खड्ड्याची तक्रार अशी करा की ती फिरवाफिरवीत अडकणार नाही (ठाणे-नवी मुंबईसाठी)

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी वहिनी स्कूटरवरून पडली. संध्याकाळी साडेसातची वेळ, धो धो पाऊस, रस्त्यावर पाणी साचलेलं आणि त्या पाण्याखाली खड्डा आहे हे कळायला काही मार्गच नव्हता. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली, तीन महिने पोळ्या लाटता येत नव्हत्या. सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू, तो खड्डा त्याआधी तीन आठवडे तिथेच होता, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटोपण पडले होते, पण लेखी तक्रार एकाचीही नव्हती. माझीही नव्हती. नंतर मी चकरा मारल्या तर एक ऑफिस म्हणे रस्ता आमचा नाही, दुसरं म्हणे आमच्याकडे कधी कळवलंच नाही. आणि "कळवलंच नाही" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट, तक्रार फक्त खड्डा बुजवून घ्यायला नसते. अमुक तारखेला त्यांना कळवलं होतं हे कागदावर आणायला असते. पुढचं सगळं या तारखेवर उभं राहतं.

आधी रस्ता कुणाचा ते शोधा

इथेच निम्म्या तक्रारी मरतात. ठाण्यात गल्लीबोळ आणि बहुतेक आतले रस्ते महापालिकेचे, त्यासाठी आपली प्रभाग समिती कोणती ते बघा (माजिवडा-मानपाडा, वर्तकनगर, उथळसर, नौपाडा-कोपरी, कळवा, दिवा वगैरे). घोडबंदर रोडचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे, मेन रोड सार्वजनिक बांधकाम विभागाचा, सर्व्हिस रोड महापालिकेचे, मेट्रो ४ चं काम चालू आहे तिथे एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि सर्व्हिस रोड मेन रोडला जोडायचं कामही एमएमआरडीएकडेच. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत नाशिक हायवेचं रुंदीकरण एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे.

नवी मुंबईत पाम बीच, ठाणे-बेलापूर रोड आणि नोडमधले (वाशी, नेरूळ अशा उपनगरांच्या आतले) रस्ते महापालिकेचे, तिथे प्रभाग समितीऐवजी दिघा ते बेलापूर अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. सायन-पनवेल हायवे बांधकाम विभागाचा. एमआयडीसी पट्ट्यात रबाळे, महापे, पावणे या बाजूला काही रस्ते एमआयडीसीचे काही महापालिकेचे. उलव्यात सिडको. खारघर, कामोठे, कळंबोली ही पनवेल महापालिकेत येतात आणि जिल्हाही बदलतो, ठाणे नाही रायगड, हे पुढे नुकसानभरपाईच्या वेळी लागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

शंका असेल तर शोधत बसू नका, दोघातिघांना एकाच मेलमध्ये टाका आणि सरळ लिहा की रस्ता आपल्या अखत्यारीत नसेल तर कुणाच्या आहे ते लेखी कळवा. एवढ्या एका वाक्याने माझं बरंच काम झालं. रस्त्याच्या कडेला कामाचा बोर्ड असेल तर त्याचाही फोटो काढा, ठेकेदार, रक्कम आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे सगळे ज्याला डीएलपी म्हणतात तो, त्यावर मिळू शकतो. डीएलपी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, तिथे "निधी नाही" हे उत्तर घ्यायचंच नाही.

फोटो

एक जवळून, एक लांबून. जवळच्या फोटोत शेजारी पाण्याची बाटली किंवा चप्पल ठेवा म्हणजे खड्डा केवढा ते कळतं, पाणी भरलेलं असेल तर काठी बुडवून खोली दाखवा. लांबच्या फोटोत दुकानाची पाटी, सोसायटीचं गेट, बसस्टॉप असं न हलणारं काहीतरी आलं पाहिजे. तारीख, वेळ, लोकेशन छापणारं जीपीएस कॅमेरा ॲप फुकट मिळतं. आणि विजेच्या खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो नक्की लिहा, कारण "डी मार्टच्या पुढे" म्हटलं की कनिष्ठ अभियंता येतो, दुसराच खड्डा बघतो आणि तक्रार बंद करतो. फोटोसाठी चालत्या ट्रॅफिकमध्ये मात्र उतरू नका, रविवारी सकाळी सातला जा.

काय लिहायचं

लांबलचक निबंध नको. मी साधारण असं लिहितो:

"अमुक रस्ता, खांब क्र. अमुक, अमुक गेटसमोर, अंदाजे ३ फूट बाय २ फूट, ६ इंच खोल खड्डा आहे. शेजारच्या चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे पाणी इथेच साचतं. दुचाकी घसरतात. खड्डा बुजवावा व पाणी साचण्याचं कारणही दूर करावं. केलेल्या कारवाईची तारीख कळवावी."

मधलं कारणाचं वाक्य सोडू नका, माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. डांबराचा खरा शत्रू पाणी. भेगेतून पाणी आत गेलं की खडीवरचं डांबर सुटतं, वरून ट्रक-टँकर जातात, खडी उखडते आणि खड्डा होतो. म्हणून नीट बघा, खड्डा परत परत एकाच जागी होतो की नाही. गटार तुंबलेलं असतं, रस्त्याला कडेकडे उतार नसतो, नाहीतर केबल किंवा पाण्याच्या लाइनसाठी चर खणून वर नुसती माती ढकललेली असते. हे दुरुस्त केल्याशिवाय वरून कितीही माल ओता, चार पाऊस झाले की परत तेच. नीट पॅचवर्क म्हणजे कडा चौकोनी कापायच्या, आतला चिखल आणि सुटी खडी काढायची, डांबराचा हात मारायचा, मग गरम माल (गरम डांबर-खडीचं मिश्रण) भरून रोलर फिरवायचा. भर पावसात साधा गरम माल बसत नाही, म्हणून तेव्हा कोल्ड मिक्स (गरम न करता भरायचं मिश्रण) किंवा मास्टिक (ओतून बसवायचं घट्ट डांबरी मिश्रण) वापरतात, पण पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तसाच माल टाकत असतील तर व्हिडिओ घ्या आणि तक्रारीला जोडा.

आणि कृपा करून स्वतः डेब्रिज टाकून खड्डा भरू नका. भावना कळते, आम्हीपण टाकलं होतं, दोन दिवसांत त्याचा चिखल झाला आणि विटांचे तुकडे रस्ताभर पसरले, ते जास्त धोकादायक. फार मोठा खड्डा असेल तर बॅरिकेड मागा, ट्रॅफिक चौकीला सांगा.

तक्रार टाकायची कुठे

महापालिकेचं ॲप किंवा पोर्टल, राज्याचं आपले सरकार, नॅशनल हायवे असेल तर १०३३ किंवा राजमार्गयात्रा ॲप. ट्विटरवर टाका हवं तर, दबाव येतो, पण टोकन नंबर मिळाल्याशिवाय तक्रार झाली असं समजू नका. नगरसेवकाला फोन केला तरी लेखी वेगळं द्याच, आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा.

काम न होता "निराकरण झाले" असा मेसेज आला तर त्याच जागी उभं राहून, त्याच अँगलने दुसरा फोटो काढा आणि जुना टोकन नंबर लिहून परत टाका.

तरीही हललं नाही तर माहिती अधिकार. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज होतो, आपल्याकडे विषय एकच आणि १५० शब्दांत बसवायचा. "रस्ता खराब का आहे" असं विचारू नका, त्याचं उत्तर येत नाही. कागद मागा: या रस्त्याच्या शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, ठेकेदाराचं नाव, डीएलपी संपण्याची तारीख, माझ्या तक्रारीवर झालेल्या कारवाईची नोंद. उत्तराला ३० दिवस. चुकीच्या ऑफिसला गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो, म्हणजे इथे तुम्हाला चकरा नाहीत.

कुणी पडलंच तर

आधी माणूस, १०८. मग दोन गोष्टी, आणि त्या आमच्याकडून राहून गेल्या म्हणून पोटतिडकीने सांगतोय. हॉस्पिटलमध्ये केसपेपरवर "दुचाकीवरून पडून" एवढंच लिहिलं जातं, तिथे "खड्ड्यात चाक गेल्यामुळे, अमुक ठिकाणी" असं लिहून घ्या. आणि कुणालातरी लगेच खड्ड्याचा फोटो काढायला पाठवा, कारण अपघात झाला की रातोरात खड्डा बुजतो. पोलिसात नोंद करा, पंचनाम्यात खड्डा आलाय का ते वाचूनच सही करा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने, न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी, खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल मोठा निकाल दिला. मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. त्यासाठी समिती आहे, महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, नाहीतर वर ९ टक्के व्याज. कळवलेल्या खड्ड्यावर ४८ तासांत कारवाई करायची हेही त्यात आहे, आणि तुमच्या टोकनवरची तारीख-वेळ कामाला येते ती इथे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेसाठी विधी सेवा प्राधिकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, खारघर-पनवेलवाल्यांना अलिबाग. ही रक्कम वेगळी, कायद्याने इतर भरपाई मागायचा हक्क त्यामुळे जात नाही.

अर्जासोबत केसपेपर, बिलं, पोलिस नोंद, खड्ड्याचे फोटो आणि आधीच्या तक्रारींचे टोकन जोडा. स्वतः तक्रार केली नसेल तर सोसायटीत, आजूबाजूच्या दुकानदारांकडे विचारा, कुणीतरी केलेली असू शकते.

आमच्या सोसायटीत आता एका वहीत हे सगळं लिहितो, तारीख, खांब नंबर, टोकन, बुजवल्याची तारीख, परत उखडल्याची तारीख. पहिलं पान मे महिन्यात भरतो, पाऊस यायच्या आधी, कारण तेव्हा नुसत्या भेगा असतात आणि गरम माल नीट बसतो.