कुत्र्याच्या मनातील नेलकटरची भीती कशी घालवावी

नेलकटर दिसताच कुत्रा पलंगाखाली दडत असेल, तर तो हट्ट करतो आहे असे कृपया समजू नये. नखातली नस एकदा दुखावली की ती वेदना आणि नेलकटर यांची त्याच्या मनात गाठ पडते आणि पुढे नुसते नेलकटरही भीतीला पुरते. एका उद्दीपकाशी, म्हणजे प्रतिक्रिया घडवणाऱ्या गोष्टीशी, दुसरे असे जोडले जाण्याला मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राच्या टिकटिकीपाठोपाठ अन्न मिळालेल्या कुत्र्यांना पुढे केवळ टिकटिकीनेच लाळ सुटू लागली, ती याच प्रक्रियेमुळे. जडलेली भीतीही याच वाटेने उतरवता येते. १९२४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचे पदार्थ खायला देत ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालवली.

प्रथम कुत्र्याच्या सर्वांत आवडीचा खाऊ निवडावा आणि तो एरवी देऊ नये. मग कुत्रा पाहील, पण भीतीने कान पाडणार नाही किंवा ओठ चाटणार नाही, इतक्या अंतरावरून नेलकटर दाखवावे, एक-दोन सेकंदांत खाऊ द्यावा आणि नेलकटर लपवताच खाऊही थांबवावा.

येथे क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. आधी खाऊ देऊन मग नेलकटर काढले, तर खाऊ हीच संकटाची सूचना ठरते आणि कुत्रा खाऊकडेही संशयाने पाहू लागतो. नेलकटरने खाऊची वर्दी दिली पाहिजे.

काही दिवसांनी नेलकटर दिसताच कुत्रा तुमच्या हाताकडे आशेने पाहू लागेल. तेव्हाच पुढची पायरी घ्यावी. अंतर कमी करावे, त्याच्या देखत आगकाडी कापून 'कट्' असा आवाज ऐकवावा, मग पंजा हातात धरावा, नंतर नखाला नेलकटर नुसते टेकवावे, आणि प्रत्येक वेळी लगेच खाऊ द्यावा. त्याने पंजा ओढून घेतल्यास मागच्या पायरीवर यावे. तो गुरगुरत किंवा चावायला धावत असेल, तर मात्र पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

मोठ्या खंडानंतर जुनी भीती पुन्हा डोके वर काढू शकते, म्हणून नखे कापायची नसतानाही अधूनमधून नेलकटर दाखवून खाऊ द्यावा. प्रत्यक्ष कापताना सुरुवातीला दिवसाला एकच नख घ्यावे, आणि काळ्या नखातली नस बाहेरून दिसत नसल्याने त्याचे फक्त टोक कापावे.