डिस्पॅचचे काम शिकायचे आहे? आधी कागद, मग गाडी, मग फोन

भिवंडीची गोदामे, चाकणचे कारखाने, न्हावाशेवा बंदर: कुठेही जा, गाडी लावणारा माणूस लागतोच. जाहिरातीत त्याला ‘डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘ट्रान्सपोर्ट को-ऑर्डिनेटर’ म्हणतात. गाडी मिळवायची, भरून वेळेत बाहेर काढायची आणि माल उतरेपर्यंत तिचा पिच्छा सोडायचा नाही, हे त्याचे काम. बारावी किंवा साधी पदवी बहुतेक ठिकाणी चालते. पन्नास-साठ हजारांचा डिप्लोमा घ्यायची घाई करू नका. खाली दिलेल्या क्रमाने शिकलात तर त्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.

1. कागद

इन्व्हॉइस, एलआर (बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टरने माल घेतल्याची पावती) आणि ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) हे तीन कागद डोळे मिटून ओळखता आले पाहिजेत. यातले ई-वे बिल सगळ्यात जास्त छळते. परराज्यात जाणारा माल 50 हजारांच्या वर असेल तर ते लागते, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. भाग ‘अ’मध्ये मालाची माहिती, भाग ‘ब’मध्ये गाडी नंबर. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. म्हणजे 800 किलोमीटरला चार दिवस, पण 810 झाले की पाच.

आता समजा गाडी कसाऱ्याच्या आसपास बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत घ्यायचा आहे. नवे बिल काढायचे नाही. त्याच बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकायचा, आणि तोही दुसरी गाडी हलण्याआधी. या भानगडीत मुदत संपत आली तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून मिळते. हे राहिले आणि गाडी पकडली गेली, तर माल सोडवायला कराच्या दुप्पट दंड बसू शकतो. नवख्याची खरी परीक्षा इथे होते, म्हणून ई-वे बिलाच्या पोर्टलवरची माहितीपुस्तिका आधी वाचून काढा.

2. गाडी

छोटा हत्ती, चारशे सात, 19 फुटी, 32 फुटी, दहा टायर, ट्रेलर. प्रत्येकीत किती वजन आणि किती जागा, हे तोंडपाठ हवे. 32 फुटी सिंगल एक्सलमध्ये साधारण 7 टन जाते, मल्टी एक्सलमध्ये 14-15. चिप्सचे बॉक्स असतील तर वजन होण्याआधी गाडी भरते. टाइल्स असतील तर अर्धी गाडी रिकामी दिसते आणि वजन पूर्ण झालेले असते. ‘अजून थोडं चढवा’ म्हणणारे गोदामात खूप भेटतील. काटापावती बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

हे पुस्तकातून येत नाही. महिनाभर लोडिंगच्या फलाटावर उभे राहा, हमालांशी बोला. वाराई (हमाली) कोण देणार, हॉल्टिंग (गाडी अडकून राहिल्याचे पैसे) कधीपासून लागणार, हे गाडी ठरवतानाच बोलून घ्यायची सवयही तिथेच लागते.

3. फोन

ड्रायव्हरला ‘मामा, कुठे आहात?’ विचारले की उत्तर ठरलेले: ‘आलोच साहेब.’ त्याऐवजी ‘घोटी टोल किती वाजता सुटला?’ असे विचारा. फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज मालकाकडे येतोच, त्यामुळे वेळ पडताळता येते. हिंदी चांगली हवी, कारण निम्मे ड्रायव्हर उत्तरेकडचे भेटतील. रात्रभर गाडी चालवलेल्याला मात्र ‘अजून दोन तास मार’ सांगू नका. 1961 सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यातही दिवसाचे आठ तासच धरले होते.

4. संगणक

एक्सेलमध्ये व्ही-लुकअप आणि पिव्होट आले की भागते. कंपनीचे सॉफ्टवेअर तिथेच शिकवतात.

5. पहिली नोकरी

सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर लॉजिस्टिक्सच्या जागा शोधा, शिकता शिकता विद्यावेतन मिळते. लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलचे कमी मुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. पण मोठ्या कंपनीपेक्षा दहा-पंधरा गाड्यांच्या ट्रान्सपोर्टरकडे सुरुवात केलेली बरी, तिथे गाडी शोधण्यापासून सही-शिक्क्याची पोच गोळा करण्यापर्यंत सगळे तुमच्यावरच येते. मुलाखतीत पगाराआधी एक विचारा: रात्रीचा फोन रोज माझ्याकडेच, की पाळीपाळीने? ‘बघू’ असे उत्तर आले, तर तो रोज तुमच्याकडेच असणार असे धरून पगार मागा.