स्पिरिट स्टोव्हवर आधण येत नाहीये? या चुका टाळा

घरी ओट्यावर पाणी झकास उकळतं आणि गडाच्या माचीवर मात्र अर्धा तास झाला तरी कोमटच. मग बिचाऱ्या स्पिरिटवर, म्हणजे अल्कोहोलवर, जळणाऱ्या स्टोव्हला शिव्या बसतात. अहो, ओट्यावर वारा कुठे होता? चाचणी घ्यायचीच तर गच्चीवर, वारं सुटलेलं असताना घ्या.

आणि मोजून घ्या. ‘थोडं स्पिरिट ओतलं’ ही काही चाचणी नव्हे. सुई काढलेली सिरिंज यासाठी उत्तम. २५ अंशांचं अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण १६० किलोज्यूल उष्णता लागते आणि एक मिली स्पिरिटमधून २०च्या आसपास मिळते. म्हणजे कागदावर ८ मिली पुरतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त ऊब हवेतच जाते, त्यामुळे २० मिलीत आधण आलं तर स्टोव्ह उत्तम समजा. ३० मिली संपूनही बुडबुडे दिसेनात, तर आधी झाकण ठेवलंय का ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरा संशयित आडोसा. जाड अॅल्युमिनियम फॉइलचा पट्टा भांड्यापासून बोटभर लांब उभा करा, खालून हवेला भोकं ठेवा. काही जण वाऱ्याच्या भीतीने चहूबाजूंनी गच्च बंद करतात. मग ज्योत पिवळी पडते, भांड्याला काजळी धरते.

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनपासून बनवलेला स्टोव्ह पेटवल्या पेटवल्या भांडं ठेवलंत तर तो विझणारच. अर्धा-एक मिनिट थांबा. आतलं स्पिरिट तापून कडेच्या भोकांतून ज्योती फुटल्या की मग ठेवा. मध्यभागी उघड्या असलेल्या अशा बर्नरवर भांडं दोन-तीन बोटं उंच हवं.

इंधन म्हणून सॅनिटायझर नको, त्यात बरंच पाणी असतं. रंगाच्या दुकानात पॉलिशवाले नेतात ते डिनेचर्ड स्पिरिट घ्या. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं, म्हणून ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका. अंधारात तहानलेला माणूस लेबल वाचत नाही. रेल्वेने जाणार असाल तर बाटली सोबत नेता येत नाही, पायथ्याच्या गावी काय मिळतं ते आधी विचारून ठेवा. बंद तंबूत पेटवणं तर नकोच.

हो, कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर शंभर दाखवेना म्हणून इंधन जाळत बसू नका.

सगळ्यात वाईट चूक माझ्याच हातून झाली. भर दुपारी गच्चीवर स्टोव्ह विझला असं वाटलं, म्हणून बाटली उघडून वाकलो. ज्योत दिसत नव्हती, पण स्टोव्हमागची पाण्याची टाकी ज्योतीवरच्या तापलेल्या हवेतून थरथरताना दिसली आणि हात मागे घेतला. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसतच नाही! ओतलं असतं तर भडका थेट बाटलीत शिरला असता. तेव्हापासून विझलाय असं वाटलं तरी आधी वरून स्टीलची वाटी उपडी घालतो, पाच मिनिटं थांबतो, बाजूला हात लावून गार झाल्याची खात्री करतो आणि मगच बाटलीचं बूच काढतो. सुकलेल्या गवतात तर स्टोव्ह मांडतच नाही, कातळ शोधतो.